स्ट्रीम कोणती, ते आधी पाहा

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (आरएचईएल) ८, किंवा त्याच्याच घडणीचं अल्मालिनक्स ८ वा रॉकी लिनक्स ८ चालवणारा सर्व्हर तुमच्याकडे असेल, तर त्यावर नवं काही बसवण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळते. महाविद्यालयं, पतसंस्था, एखादं धर्मादाय रुग्णालय. अशा ठिकाणी स्वतंत्र संगणक विभाग नसतो. एक कंत्राटदार येतो, काम उरकतो, पुढच्या वर्षी दुसरा येतो. माणसं बदलतात, सर्व्हर तोच राहतो, आणि आधीच्या माणसानं घेतलेले निर्णय त्याच्या पोटात तसेच राहतात. आवृत्ती ८ मध्ये या निर्णयांना राहायला एक नवी जागा मिळाली. तिचं नाव मॉड्यूल. मला भेटलेले सर्वांत चकवणारे बिघाड याच जागेतून आले.

त्यातला एक तपशिलानं सांगते. प्रवेशाचे दिवस होते आणि एका महाविद्यालयाचं अर्ज भरण्याचं संकेतस्थळ सकाळी उघडेना. रात्री वीज गेली होती, यूपीएस संपला होता, सर्व्हर बंद पडून पहाटे पुन्हा सुरू झाला होता. साहजिकच सगळ्यांचा संशय विजेवर. डिस्क गेली असेल, डेटाबेस मोडला असेल, अशी चर्चा चालली होती. डिस्क ठणठणीत होती. डेटाबेसही चालू होता, त्यात सगळे अर्ज जागच्या जागी होते. पीएचपीच्या लॉगमध्ये मात्र एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. पोस्टग्रेसशी बोलणारं एक्स्टेन्शन लोड होत नाही, कारण लिबपीक्यू लायब्ररीची जी फाइल सापडली तिच्यात 'आरएचपीजी ९.६' नावाची आवृत्तीची खूण नाही.

या तक्रारीचा अर्थ लागायला हवा असेल तर लिनक्समध्ये डिपेंडन्सी म्हणजे नेमकं काय लिहिलेलं असतं ते पाहावं लागतं. आरपीएमचं प्रत्येक पॅकेज दोन याद्या घेऊन येतं. मला काय लागतं ती एक, आणि मी काय देतो ती दुसरी. यातल्या बऱ्याच नोंदी माणसानं लिहिलेल्या नसतात. पॅकेज बांधताना आत तयार झालेल्या फाइली तपासल्या जातात, त्या कोणकोणत्या लायब्ररीशी जोडलेल्या आहेत आणि त्या लायब्ररीतल्या कोणत्या आवृत्तीखुणा मागतात हे वाचलं जातं, आणि ते आपोआप यादीत उतरतं. लायब्ररीचं नाव लिबपीक्यू, तिचा क्रमांक ५, आणि तिच्यातली खूण 'आरएचपीजी ९.६', इतक्या बारकाव्यानं. रेड हॅट आपल्या लिबपीक्यूला ही खास खूण लावते. पोस्टग्रेसच्या मूळ प्रकल्पाकडून मिळणाऱ्या लिबपीक्यूचा क्रमांकही ५ च असतो, पण तिच्यावर ही खूण नव्हती.

हजारो पॅकेजेसच्या अशा मागण्या आणि देणी जुळवून एक चालणारा संच काढणं हे डीएनएफचं काम. आत ते लिबसॉल्व्ह नावाचा, ओपनसुसेच्या लोकांनी घडवलेला सॉल्व्हर वापरतं. हे काम सोपं नाही. संगणकशास्त्राच्या भाषेत हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, आणि युरोपातल्या ईडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी ते रीतसर सिद्ध केलेलं आहे. तरी रोजच्या वापरात डीएनएफ काही क्षणांत उत्तर देतं आणि आपण ते गृहीत धरतो.

मग मॉड्यूल कशाला आले? आरएचईएलसारखं डिस्ट्रिब्यूशन दहा वर्षं सांभाळलं जातं, आणि कर्नल वा सी लायब्ररीसाठी ते योग्यच आहे. पण पीएचपी, नोड किंवा पोस्टग्रेस दहा वर्षं एका जागी थांबत नाहीत. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती तिचे कर्ते पाच वर्षंच सांभाळतात. नोडचा काळ त्याहूनही कमी. आरएचईएल ७ पर्यंत यावर सॉफ्टवेअर कलेक्शन्स हा उपाय होता. नवी आवृत्ती 'ऑप्ट' या वेगळ्या फोल्डरमध्ये बसायची, जुनी आपल्या जागी राहायची, आणि जी हवी ती 'एससीएल एनेबल' म्हणून पुढे आणायची. दोन्ही एकत्र नांदत. पण फाइलींचे पत्ते बदलायचे, स्क्रिप्ट चुकायच्या, लोक वैतागायचे. म्हणून फेडोरानं २०१८ मध्ये आवृत्ती २८ पासून मॉड्यूल दिले, आणि मे २०१९ मध्ये आलेल्या आरएचईएल ८ नं ते उचलले. रेपोचे दोन भाग झाले. बेसओएसमध्ये पाया, ॲपस्ट्रीममध्ये वरचे प्रोग्राम. पोस्टग्रेस हे एक मॉड्यूल. त्याची एकेक मोठी आवृत्ती म्हणजे एक स्ट्रीम. ९.६ आणि १० या दोन स्ट्रीम सुरुवातीला होत्या, पुढे १२, १३, १५, १६ आल्या. काही न सांगता पोस्टग्रेस मागितलं तर डीफॉल्ट १० मिळायचं. पीएचपी मागितलं तर ७.२.

कल्पना चांगली होती, हे मी आजही मानते. नवी आवृत्ती नेहमीच्याच पत्त्यावर, नेहमीच्याच नावानं बसते. पण त्याची किंमत अशी की एका वेळी एका मॉड्यूलची एकच स्ट्रीम मशीनवर राहू शकते. सॉफ्टवेअर कलेक्शन्समध्ये दोन आवृत्त्या शेजारी बसत, इथे दोन आवृत्त्या फक्त दुकानात शेजारी असतात, घरात एकच येते. 'अनेक आवृत्त्या उपलब्ध' हे वाक्य वाचून अनेक जण याच ठिकाणी फसतात.

दुसरी, त्याहून खोल गोष्ट म्हणजे मॉड्यूलर फिल्टरिंग. एखादी स्ट्रीम चालू असेल, मग ती तुम्ही हातानं निवडलेली असो वा डीफॉल्ट म्हणून आपोआप आलेली, तर त्या मॉड्यूलमधल्या पॅकेजच्या नावाचं दुसरं कोणतंही साधं पॅकेज डीएनएफला दिसेनासं होतं. पूर्वी शिधापत्रिका एका दुकानाला जोडलेली असे. शेजारच्या गल्लीत चांगला गहू आला तरी तुमचं धान्य नेमून दिलेल्या दुकानातूनच. फिल्टरिंग तसंच वागतं. बाहेरच्या रेपोत वरच्या क्रमांकाची आवृत्ती असली तरी ती हिशेबात येत नाही. इतकंच काय, बाहेरच्या पॅकेजचं नाव वेगळं असलं पण त्याच्या देण्याच्या यादीत 'मी पोस्टग्रेस सर्व्हर देतो' असं लिहिलेलं असलं, तर तेही गाळलं जातं.

त्या महाविद्यालयात नेमकं हेच घडलं होतं. मूळ सर्व्हरवर पोस्टग्रेस १० डीफॉल्ट स्ट्रीममधून आलेलं, त्यावर निकाल विभागाचा जुना प्रोग्राम. प्रवेशाच्या नव्या प्रोग्रामला पोस्टग्रेस १३ हवं होतं. ते काम घेतलेल्या कंत्राटदारानं पोस्टग्रेस प्रकल्पाचा स्वतःचा रेपो जोडला आणि १३ मागितलं. डीएनएफनं सांगितलं की जुळणारं सगळं काही मॉड्यूलर फिल्टरिंगमुळे गाळलं गेलं. मग त्यानं पोस्टग्रेसचं मॉड्यूल डिसेबल केलं. इथपर्यंत त्याचं पाऊल सूचनांना धरूनच होतं. आवृत्ती ८ साठी मूळ प्रकल्प स्वतःच हे करायला सांगतो, कारण त्यावाचून त्यांची पॅकेजेस दिसतच नाहीत. १३ बसलं, वेगळ्या पोर्टवर सुरू झालं. दोन्ही प्रोग्राम चालू राहिले. काम पूर्ण झाल्याची सही झाली.

पण त्या सूचना कोऱ्या मशीनसाठी असतात. इथे मॉड्यूलमधलं पोस्टग्रेस १० आधीच बसलेलं होतं आणि वापरात होतं. मॉड्यूल डिसेबल केलं म्हणून बसलेली पॅकेजेस जात नाहीत. ती तशीच चालत राहतात, फक्त त्यांचे अपडेट येणं बंद होतं. डीएनएफ कसलाही इशारा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं त्या पॅकेजेसना आता कुठलाच रेपो नाही. निकालांचा डेटाबेस असा सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना चालू होता आणि दर आठवड्याला 'डीएनएफ अपडेट' मात्र 'करण्यासारखं काही नाही' असंच सांगत होतं.

संकेतस्थळ बंद पडण्याचं कारण यापुढचं. प्रकल्पाच्या रेपोतून आलेल्या १३ बरोबर त्यांची लिबपीक्यूही आली. ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसते, आणि त्या फोल्डरचा पत्ता सिस्टिमच्या लोडरच्या यादीत घातला जातो. आरपीएमच्या हिशेबात सगळं बरोबर होतं. पीएचपीच्या एक्स्टेन्शनला हवी असलेली रेड हॅटची लिबपीक्यू मशीनवर आहे, मागणी पूर्ण. पण प्रोग्राम सुरू होताना फाइल शोधतो तो लोडर. तो आरपीएमच्या याद्या वाचत नाही, फोल्डरांच्या क्रमानं जातो. त्याला आधी दुसरी लिबपीक्यू सापडली. चालू असलेल्या पीएचपीच्या मेमरीत जुनी लायब्ररी आधीच होती, म्हणून बसवल्याच्या दिवशी काही बिघडलं नाही. वीज गेली, पीएचपी नव्यानं सुरू झालं, आणि त्या क्षणी लोडरनं नवी वाट धरली. विजेचा दोष एवढाच की तिनं आधीच तयार झालेला बिघाड उघड केला.

म्हणून माझा पहिला सल्ला. डेटाबेस, वेब सर्व्हर, पीएचपी यांच्याभोवती काही बदल केला की त्या सेवा आपण स्वतः, शांत वेळी, रीस्टार्ट करून पाहायच्या, आणि शक्य असेल तर पूर्ण मशीनही. बदल करून सेवा चालू दिसते म्हणून निघून जायचं नाही. दुसरं, लायब्ररीचा संशय आला तर 'एलडीडी' ही कमांड त्या फाइलवर चालवायची. लोडर कोणत्या पत्त्यावरची लायब्ररी उचलतो ते ती दाखवते. आरपीएमला विचारून हे कळत नाही.

दुरुस्ती करताना मी आधी दोन्ही डेटाबेसचे पूर्ण डम्प घेतले आणि ते दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतात याची खात्री केली. ही पायरी वगळून पुढे जाऊ नका, कितीही घाई असली तरी. मग एक प्रश्न सोडवायचा होता: या सर्व्हरवर पोस्टग्रेस कुणाकडून घ्यायचं? पीएचपी डिस्ट्रिब्यूशनमधून येत होतं, त्याचं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शनही तिथूनच, म्हणून डेटाबेसही तिथूनच घ्यायचा असं ठरवलं. बाहेरचा रेपो आणि त्याची पॅकेजेस काढली, लोडरची यादी ताजी केली, पीएचपी उभं राहिलं. मॉड्यूल रीसेट केलं, १३ ची स्ट्रीम चालू केली, आणि दोन्ही डम्प नव्या कोऱ्या डेटाबेसमध्ये भरले. निकालांचा जुना प्रोग्राम १३ वर चालतो का, हे आधी दुसऱ्या मशीनवर तपासलं होतं. बाहेरचाच रेपो ठेवायचा असता तरी चाललं असतं, फक्त मग मॉड्यूलमधलं काहीही मागे ठेवायला नको होतं. दोन घरं एकाच वेळी चालवण्यात सगळा धोका आहे.

इथे डेटाची वेगळी आठवण करून द्यायला हवी. स्ट्रीम बदलली की प्रोग्राम बदलतो, डिस्कवरचा डेटा आपोआप बदलत नाही. पोस्टग्रेस १० नं लिहिलेला डेटा १३ थेट उघडत नाही, सर्व्हर सुरूच होत नाही. त्यासाठी एक तर डम्प आणि भरणा, नाही तर 'पोस्टग्रेसक्यूएल-अपग्रेड' पॅकेज बसवून त्याच्या सेटअप कमांडनं केलेलं रूपांतर. ही डिपेंडन्सी कोणत्याच पॅकेजच्या यादीत नसते, त्यामुळे डीएनएफ ती तपासू शकत नाही. अशीच दुसरी एक न लिहिलेली डिपेंडन्सी सी लायब्ररीची. आरएचईएल ८ मधल्या जीलिबसी २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. आरएचईएल ७ वरून डेटाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून ८ वर आणलं तर मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स जुन्या क्रमात राहतात आणि शोध चुकीचे निकाल देऊ लागतात. काही क्रॅश होत नाही, लॉगमध्ये लाल ओळ येत नाही. नावानं शोधलेला विद्यार्थी सापडत नाही, एवढंच. डम्प घेऊन भरलं असेल तर इंडेक्स नव्यानं बांधले जातात आणि हा प्रश्न उरत नाही. फोल्डर उचललं असेल तर 'रीइंडेक्स' चालवा.

दुसरा अनुभव थोडक्यात. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेची प्रयोगशाळा, इंटरनेट नावापुरतं. तिथल्या माणसानं इन्स्टॉलेशनच्या डीव्हीडीतल्या आरपीएम फाइली सर्व्हरवर कॉपी करून 'क्रिएटरेपो' चालवलं आणि प्रयोगशाळेसाठी स्थानिक रेपो उभा केला. आरएचईएल ७ वर ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. ८ वर नोड बसवायला गेल्यावर डीएनएफनं नकार दिला: मॉड्यूलर पॅकेजसाठी मॉड्यूलर मेटाडेटा उपलब्ध नाही, म्हणून ते बसवता येणार नाही. कारण असं की मॉड्यूलमधल्या प्रत्येक आरपीएमवर ते कोणत्या मॉड्यूलचं, कोणत्या स्ट्रीमचं, याचं लेबल आतच कोरलेलं असतं. पण मॉड्यूलची व्याख्या, म्हणजे कोणती स्ट्रीम डीफॉल्ट, तिच्यात कोणती पॅकेजेस, ती कोणत्या दुसऱ्या मॉड्यूलवर अवलंबून, हे सगळं आरपीएममध्ये नसतं. ते रेपोच्या मेटाडेटातल्या 'मॉड्यूल्स' नावाच्या वेगळ्या यामल फाइलमध्ये असतं. फक्त आरपीएम कॉपी केल्या की ती फाइल मागे राहते. लेबल आहे, पण त्याचा अर्थ सांगणारं काही नाही, अशा वेळी डीएनएफ थांबतं आणि ते बरोबरच करतं. स्थानिक रेपो करायचा तर 'रेपोसिंक' चालवताना मेटाडेटाही उतरवायला सांगा, किंवा डीव्हीडीतलं ॲपस्ट्रीम फोल्डर त्याच्या 'रेपोडेटा'सह अखंड ठेवा, किंवा 'मॉडिफायरेपो' वापरून ती यामल फाइल नव्या रेपोत घाला. 'नोडेप्स' देऊन आरपीएम दामटून बसवू नका. त्या दिवसापुरतं काम होतं, आणि नंतरच्या प्रत्येक अपडेटला ते आडवं येतं.

मॉड्यूल एकमेकांवरही अवलंबून असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पर्लमधून डेटाबेसशी बोलणारं मॉड्यूल पर्लच्या स्ट्रीमवर अवलंबून असतं, आणि पर्लच्या वेगवेगळ्या स्ट्रीमसाठी त्याच्या वेगवेगळ्या बांधण्या रेपोत असतात. म्हणजे सॉल्व्हरपुढे आता पॅकेजेसचं एक जाळं आणि त्यावर निवडींचं दुसरं जाळं. मॉड्यूलची खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. पॅकेजची मागणी चुकली तर डीएनएफ तिचं नाव सांगतं. निवड चुकली तर अनेकदा तिचं नावही पुढे येत नाही, पॅकेज नुसतं दिसेनासं होतं.

फेडोराच्या लोकांना हे फार लवकर भोगावं लागलं. आवृत्ती ३० वरून ३१ वर जाताना कित्येकांचं अपग्रेड लिबगिट२ नावाच्या मॉड्यूलवर अडलं. त्यातल्या बहुतेकांनी लिबगिट२ कधी मागितलंच नव्हतं. त्यांनी 'बॅट' किंवा 'एक्सा' यांसारखं एखादं छोटं, सोयीचं साधन बसवलं होतं. ते मॉड्यूलमधून आलं, त्यानं आपल्यासोबत लिबगिट२ ची एक स्ट्रीम चालू करून टाकली, आणि ती निवड मशीनवर चिकटून बसली. पुढच्या आवृत्तीत तिला जागा नव्हती. उपाय एका ओळीचा होता, ते मॉड्यूल रीसेट करायचं. पण न केलेल्या निवडीचा उपाय माणसाला सुचणार कसा? जावाच्या पॅकेजेसमध्येही असाच पेच पडला. मेव्हन आणि अँटसारखी साधनं मॉड्यूलमध्ये गेल्यावर त्यांच्यावर बांधली जाणारी साधी पॅकेजेस उघडी पडली, आणि ती सांभाळायला स्वयंसेवकांना वेगळा गट उभारावा लागला. अखेर फेडोरानं आधी डीफॉल्ट स्ट्रीम बंद केल्या आणि २०२३ मध्ये आवृत्ती ३९ पासून मॉड्यूलच निवृत्त केले.

रेड हॅटनंही तोच रस्ता धरला. आरएचईएल ९ मध्ये डीफॉल्ट स्ट्रीम नाहीत. सुरुवातीची आवृत्ती साधं आरपीएम म्हणून येते, नंतरच्या नव्या आवृत्त्या मॉड्यूल म्हणून. २०२५ मध्ये आलेल्या आरएचईएल १० मध्ये मॉड्यूल राहिलेच नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. दोन आवृत्त्या हव्या असतील तर त्यांना वेगळी नावं आणि वेगळे पत्ते द्यावेत, हा डेबियनचा जुना मार्ग अधिक सरळ आहे. तिथे पोस्टग्रेसच्या पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते, सेटिंग आणि डेटा आवृत्तीच्या फोल्डरमध्ये असतात, जुना आणि नवा डेटाबेस शेजारी चालवून मग सावकाश एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. निवड डोळ्यांना दिसते. जे नावात दिसतं ते पुढच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही आवृत्ती ८ चे सर्व्हर चालू आहेत आणि त्यांची देखभाल मे २०२९ पर्यंत चालायची आहे. तेव्हा ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांनी आधी 'डीएनएफ मॉड्यूल लिस्ट' ही कमांड चालू स्ट्रीमपुरती चालवून पाहावी. त्याच निवडी 'ईटीसी'खाली डीएनएफच्या 'मॉड्यूल्स डॉट डी' फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, तेही फोल्डर बॅकअपमध्ये घ्या. रेपो काढून टाकला म्हणून त्यातली निवड पुसली जात नाही, डीएनएफ चालू स्ट्रीमची व्याख्या स्वतःजवळ जपून ठेवतं आणि फिल्टरिंग करत राहतं. निवड पुसायची तर 'रीसेट' म्हणावं लागतं. 'डिसेबल' आणि 'रीसेट' यांत गल्लत करू नका. डिसेबल म्हणजे हे मॉड्यूल नकोच, रीसेट म्हणजे माझी निवड विसर आणि मूळ स्थितीला ये. पीएचपीसारख्या डीफॉल्ट असलेल्या मॉड्यूलमध्ये रीसेटनंतर डीफॉल्ट स्ट्रीम पुन्हा लागू होते, हेही लक्षात असू द्या.

मग 'डीएनएफ लिस्ट एक्स्ट्राज'. मशीनवर आहेत पण कोणत्याच चालू रेपोत सापडत नाहीत, अशी पॅकेजेस ती दाखवते. महाविद्यालयातलं अनाथ पोस्टग्रेस १० असंच सापडलं. या यादीत डेटाबेस, वेब सर्व्हर किंवा बाहेरच्या जगाला उघडं असलेलं काहीही दिसलं तर तो त्याच आठवड्यात हातात घेण्याचा विषय आहे.

काही बसवताना 'हो' आधीच देणारा पर्याय वापरू नका. डीएनएफ काम करण्याआधी जो तपशील दाखवतं त्यात चालू होणाऱ्या मॉड्यूल स्ट्रीमचा वेगळा भाग असतो. एखादं किरकोळ पॅकेज मागितलं आणि त्या भागात अनोळखी स्ट्रीम दिसली तर तिथेच थांबा, ती कशासाठी येते आहे ते शोधा. स्क्रिप्ट किंवा किकस्टार्टमधून मशीन उभारत असाल तर मॉड्यूलचं नाव आणि स्ट्रीम दोन्ही स्पष्ट लिहा, डीफॉल्टवर सोडू नका. चालू स्ट्रीम बदलायची तर ती थेट दुसरीवर 'एनेबल' करता येत नाही, डीएनएफ नकार देतं. त्यासाठी 'स्विच-टू' आहे, किंवा रीसेट करून नवी स्ट्रीम चालू करायची आणि 'डिस्ट्रो-सिंक'नं बसलेली पॅकेजेस तिच्याशी जुळवून घ्यायची. हे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर पहिल्यांदा करू नये, प्रतिकृतीवर करून पाहावं.

आणि स्ट्रीमची मुदत बघा. डिस्ट्रिब्यूशनची मुदत २०२९ ची असली तरी प्रत्येक स्ट्रीमची ती नसते. पीएचपी ७.२, नोड १०, पोस्टग्रेस १० यांच्या मूळ प्रकल्पांनी ते केव्हाच सोडून दिले आहेत, आणि आरएचईएल ८ मधल्या बऱ्याच डीफॉल्ट स्ट्रीम मशीन चालू असताना, कुणालाही न कळवता, आपली मुदत संपवून बसल्या आहेत. पोस्टग्रेस १३ ची त्याच्या कर्त्यांनी दिलेली मुदतही नोव्हेंबर २०२५ पर्यंतचीच होती. त्या महाविद्यालयाच्या नोंदवहीत पुढच्या बदलाचा महिना मी तेव्हाच लिहून ठेवला होता.

संस्थाचालकांनाही एक सांगणं आहे. सर्व्हरचं काम करून घेताना काम झाल्याच्या दाखल्यासोबत दोन कागद मागा: मशीनवर चालू असलेल्या स्ट्रीमची यादी आणि जोडलेल्या रेपोंची यादी. पुढच्या माणसाच्या हाती सर्व्हर देताना पासवर्डांबरोबर हे दोन्ही कागद द्या.